शालन रामू ढेबे

"हवालदार, वास घ्या एकेकाचा," फौजदार म्हणाले आणि शिराळकर इंजिनिअरांच्या सोफ्यावर ऐसपैस बसले.

आम्ही सहाजण भिंतीला पाठ टेकून उभे होतो. चार मुलगे, दोन मुली, सगळे अध्यापक विद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाचे. सगळ्यांत मोठा राजन शिराळकर, तो नुकताच एकोणीस पुरा झालेला. रविवारची दुपार होती. पडदे ओढलेले, पंखा फुल, टेपरेकॉर्डरचं बटण कोणीतरी घाईत दाबलेलं. टीपॉयवर बिअरच्या चार बाटल्या, रमची एक अर्धी, उकडलेल्या अंड्यांची टरफलं आणि चिवड्याचा कागद, असा सगळा पुरावा देवापुढं नैवेद्य मांडावा तसा मांडलेला होता. लपवायलाही सवड मिळाली नाही. शेजारच्या बंगल्यातल्या म्हाताऱ्यानं ठाण्याला फोन केला आणि दहा मिनिटांत जीप दारात.

हवालदार पुढं आले. पहिल्यांदा राजनच्या तोंडापाशी वाकले. "येतोय साहेब," म्हणाले. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. रांगेत मी शेवटची होते.

हवालदार माझे वडील होते.

पोलीस लाइनीतल्या पोरांना बापाच्या ड्यूट्या पाढ्यांसारख्या पाठ असतात. आमच्या घरी कॅलेंडरच्या मागं टाचणीनं कागद लावलेला असे. त्यावर मी बघून ठेवलं होतं, रविवारी अण्णा खंडोबाच्या यात्रेच्या बंदोबस्ताला, रात्री दहाशिवाय येत नाहीत. पण सकाळी कोणाची तरी आई आजारी पडली, ड्यूटीची अदलाबदल झाली, आणि कागदावर ती कोणी लिहिली नाही. एवढ्याशा कागदावर माझं सगळं शहाणपण उभं होतं.

अण्णा माझ्यापुढं आले. खोलीत शिरल्या शिरल्याच त्यांनी मला पाहिलं होतं आणि पाहिलंच नाही असं केलं होतं. मीही तेच केलं. फौजदार बदलून येऊन जेमतेम महिना झालेला, ते मला ओळखत नव्हते. दाराशी उभा असलेला ड्रायव्हरही नवा. पण त्या महिन्याभरात फौजदारांचा दरारा लाइनीत घरोघर पोचला होता. एका शिपायाचा मुलगा मटक्याच्या चिठ्ठ्या घेऊन सापडला, तर यांनी त्या शिपायाला परेडीत सगळ्यांसमोर उभं करून विचारलं होतं, "ज्याला घर सांभाळता येत नाही तो ठाणं काय सांभाळणार?" आणि मुख्यालयात पाठवून दिलं होतं. अण्णांची जमादारीच्या बढतीची फीत पुढच्याच महिन्यात येणार होती. एकवीस वर्षं त्यांनी त्या फितीची वाट बघितली होती.

"तोंड उघड," अण्णा म्हणाले.

मी उघडलं. दोन ग्लास बिअर आणि हट्टानं घेतलेला रमचा एक घोट, असं माझ्या पोटात होतं. अण्णा वाकले. त्यांच्या मिशा माझ्या हनुवटीजवळ आल्या. ते जरूर होतं त्याहून जास्त वेळ तिथं थांबले.

"येतोय साहेब," ते म्हणाले.

फौजदारांना त्या दिवशी करमणूक हवी होती. उद्याचे गुरुजी म्हणजे काय चीज असते ते त्यांना बघायचं होतं. त्यांनी मुलांना कान धरून उठाबशा काढायला लावल्या आणि आम्हा दोघी मुलींना मोठ्यानं आकडे म्हणायला लावले. चुकला तर पुन्हा एकपासून. राजनला एकोणतीसचा पाढा म्हणायला सांगितला. तो एकोणतीस सातेपाशी अडकला तेव्हा टेबलावरची पट्टी घेऊन त्याच्या पोटऱ्यांवर ओढली. अर्चना, ती दुसरी मुलगी, रडायला लागली तर म्हणाले, "बाई, वर्गात पोरं रडली की तुम्ही काय करता? करून दाखवा." अर्चनानं स्वतःच्याच डोक्यावरून हात फिरवून दाखवला. ड्रायव्हर खो खो हसला. अण्णा खिडकीपाशी कोरे कागद मांडीवर घेऊन बसले होते.

मग नावं घ्यायला सुरुवात झाली. फौजदार विचारणार, अण्णा लिहिणार. नाव, बापाचं नाव, गाव, घरचा फोन. फोन असला की फौजदार तिथूनच, इंजिनिअरांच्या घरच्या फोनवरून नंबर फिरवत आणि पोराच्या हातात रिसीव्हर देत. "सांग बापाला काय केलंस ते." ज्याच्या घरी फोन नाही त्याच्या शेजाऱ्याचा, नाहीतर गावच्या दुकानाचा. सगळं कॉलेजच्या नावांशी ताडून बघणार आहे, खोटं नाव सांगणाऱ्याला आत टाकीन, हेही त्यांनी आधीच बजावलं होतं.

म्हणजे मला विचार करायला चांगली वीसेक मिनिटं मिळाली. मी नंतर किती तरी वर्षं स्वतःला सांगत आले की नाव आपोआप तोंडातून गेलं. तसं काही नव्हतं.

"नाव?"

"शालन रामू ढेबे."

अण्णांचं पेन एक क्षण थांबलं आणि चाललं.

"गाव?"

"आंबेघळ. तालुका पाटण."

"फोन?"

"गावात फोन नाही साहेब. एसटीपण नाही. दोन तास चालत जावं लागतं."

राजनला ठाऊक होतं मी कोण ते. अर्चनाला ठाऊक होतं. शालनला तर सहाहीजण ओळखत होते, वर्गात ती आमच्या पुढच्याच बाकावर बसायची. कोणी मान वर केली नाही. लिहिणारा माझा बाप आहे, तो जरा सैल हात ठेवील, एवढाच हिशेब प्रत्येकाच्या डोक्यात होता. अण्णांनी जबाबाचा कागद पुढं केला. मी त्यावर शालन रामू ढेबे अशी सही केली.

चारच्या सुमाराला एकेक बाप यायला लागला. कोणी स्कूटरवरून, कोणी जीप करून. अर्चनाचा मामा पंचायत समितीचा सभापती होता, तो आला तो हसतच आला. राजनच्या वडिलांनी कुठून कुठून फोन करवले. फौजदारांचा आवाज हळूहळू मऊ झाला आणि कागद एकामागून एक फाटत गेले. शेवटी इंजिनिअरसाहेबांनी चहा मागवला.

"पण तक्रारीची नोंद झालीय," फौजदार कप खाली ठेवत म्हणाले. "एक तरी नाव कागदावर राहायला पाहिजे. हिच्यासाठी कोण आलं?"

कोणीच आलं नव्हतं. येणार कुठून? शालनला बिचारीला तरी काय माहीत, ती इथं भिंतीला टेकून उभी आहे ते.

"मग हिचंच राहू द्या. केस नको, लहान आहे. कॉलेजला पत्र धाडू, काय ते बघतील. हवालदार, सूर्य मावळायच्या आत हिला वसतिगृहावर सोडून या."

अण्णांनी जीपच्या मागं टाकून आणलेली आपली सायकल उतरवून हातात धरली आणि आम्ही चालत निघालो. बंगला होता त्या धरणाच्या वसाहतीपासून लाइनीपर्यंत दीड मैल. पहिला मैल ते सायकल ढकलत माझ्या दोन पावलं पुढं चालले. मला वाटत होतं, आता एखाद्या झाडाखाली थांबतील आणि सायकलीच्या पंपानं मला झोडपून काढतील. त्यांनी ते केलं असतं तर बरं झालं असतं.

पानाच्या टपरीशी त्यांनी सायकल लावली. आतून बडीशेपची पुडी घेऊन आले.

"चघळ. आईला वास यील."

मी चघळायला लागले. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "नाव बरं सुचलं तुला. मी घाबारलो हुतो, खरं सांगतीस का काय म्हणून. आता पत्र कॉलेजात जाईल, ते लिवत्याल अशी मुलगी आमच्याकडं न्हाई. मिटलं. फायलीला लागलं की कोण बघतंय."

त्यांच्या आवाजात माझ्याबद्दल थोडं कौतुकसुद्धा होतं. पोलिसाची पोरगी, वेळेला डोकं चालवलं, असं काहीतरी. अण्णांनी नाव रचलेलं समजलं होतं. तेव्हाच मी बोलायला हवं होतं. बडीशेप तोंडात होती, रस्ता रिकामा होता, बाप हळवा झालेला होता. मी हूं म्हणाले.

आम्ही घराचं दार ढकललं. आत जमिनीवर चार तक्ते पसरलेले होते आणि त्यांच्या मधोमध, बोटांना हिरवा रंग लागलेली शालन बसली होती.

हे आधी सांगायला पाहिजे होतं. त्या रविवारी शालन आमच्याच घरी होती, सकाळी दहापासून. माझ्या पुढच्या आठवड्याच्या सराव पाठांसाठी तक्ते करायचे होते, आणि शालनसारखे तक्ते कॉलेजात कोणी काढत नसे. मी तिला म्हटलं, तू घरी येऊन बस, मी जरा अर्चनाकडं जाऊन येते, आई विचारील तर सांग की वह्या आणायला गेली. तिला मैत्रिणीच्या घरी बोलावणं म्हणजे केवढं अप्रूप. वसतिगृहाच्या वहीत 'बाजारात' असं लिहून निघ, हेही मीच शिकवलं होतं, कारण रविवारी कोणाच्या घरी जायचं तर पालकांचं पत्र लागे आणि तिच्या पालकांना अक्षर येत नव्हतं. आईनं तिला दुपारी पिठलं-भाकरी वाढली होती. तीन भाकऱ्या खाल्ल्या पोरीनं, असं आई नंतर कितीदा तरी म्हणाली.

शालन लगबगीनं उठली. "काका, पाणी देऊ?"

अण्णांना बाहेरच्या पोरींशी फार बोलायची सवय नव्हती. उंबऱ्यावर बसून बुटाची नाडी सोडता सोडता त्यांनी सहज विचारलं, "नाव काय बाळ तुझं?"

शाळेत उभं राहून सांगतात तसं तिनं सांगितलं. "शालन रामू ढेबे. मुक्काम आंबेघळ, तालुका पाटण."

अण्णांचा हात नाडीवर तसाच राहिला. त्यांनी वर बघितलं, तिच्याकडं नाही, माझ्याकडं. मी तक्त्यांकडं बघत होते. झाडाचे भाग, मूळ, खोड, पान, फूल, तिनं फार सुबक काढले होते. अण्णा पुन्हा नाडी ओढायला लागले आणि ती सुटेना.

"थांबा काका, गाठ बसलीया," म्हणून शालन खाली बसली आणि तिनं ती हिरव्या बोटांनी सोडवली.

ती गेल्यावर अण्णांनी मला मागच्या दारी, बंबापाशी बोलावलं.

"दुसरं नाव न्हाई सुचलं?"

"ते कॉलेजात विचारणार होते. खरं नाव पाहिजे होतं."

"अगं मग हिचंच?"

"हिच्यासाठी कोणी येणार नव्हतं, अण्णा," मी म्हणाले. "बाकी सगळ्यांचं कोणी ना कोणी आहे."

आजवर मी याहून खरं वाक्य बोललेली नाही, आणि याहून हलकटही. अण्णा बंबाच्या राखेकडं बघत उभे राहिले. सायकल दारातच होती. ठाणं पाच मिनिटांवर होतं. फौजदारासमोर जाऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, साहेब, ती माझी लेक होती, कागदावर मी खोटं नाव लिहिलं. एवढंच काम होतं. मी वाट बघितली, आणि ते जाऊ नयेत म्हणून मनातल्या मनात देवाला नवसही बोलले.

"उद्या बघू," ते म्हणाले.

उद्या काही झालं नाही. परवाही नाही. गुरुवारी अण्णा ठाण्याची टपालवही घेऊन कॉलेजात आले. पत्र, सोबत जोडलेल्या त्या जबाबासकट, त्यांच्याच हातात दिलं गेलं होतं, आणि त्यांनी ते आणून पोचवलं.

प्राचार्य सबनीसांनी शालनला बोलावलं, आणि पाच मिनिटांनी शिपाई मला न्यायला आला. आत अण्णा टोपी काखेत धरून भिंतीशी उभे होते. शालन टेबलापुढं. मला बघून तिचा जीव भांड्यात पडला. ते तिच्या तोंडावर दिसलं.

"सर, हिला इचारा," ती म्हणाली. "मी हिच्या घरी हुते. काकूंच्या हातचं जेवले. काकांनी पण बघितलंय मला."

सबनीस सरांनी मला विचारलं. तो क्षण फार मोठा असेल असं मला वाटलं होतं. तो इतका लहान निघाला की मला काही जाणवलंच नाही.

"नाही सर. रविवारी आमच्याकडं कोणी नव्हतं."

"हवालदार?"

अण्णांनी घसा साफ केला. "न्हाई साहेब. ही पोरगी मी त्या बंगल्यातच बघितली."

शालननं आधी माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. तिला राग आला नव्हता. गणितात कुठं चुकलं ते शोधताना ती जशी बघायची तशी बघत होती. सरांनी जबाबाचा कागद तिच्यापुढं सरकवला आणि खालच्या सहीवर बोट ठेवलं. ती वाकली. माझं अक्षर तिला माझ्याहून जास्त ओळखीचं होतं. माझ्या पाठांच्या कच्च्या टाचणांवरून पक्की टाचणं तीच उतरून द्यायची. तिनं ती सही वाचली, पुन्हा वाचली, आणि हळूहळू ताठ झाली.

मी मनात म्हटलं, संपलं आता.

तेवढ्यात सर म्हणाले, "हे बघ मुली. नाकारलंस तर मला चौकशी बसवावी लागेल. वसतिगृहाच्या वहीत तू बाजार लिहिलंस, ते एक खोटं सापडलंच आहे. मग दाखल्यावर शेरा येणार, आणि तो शेरा घेऊन तुला महाराष्ट्रात कुठं प्रवेश मिळणार नाही. कबूल केलंस तर घरगुती कारणानं सोडून गेली असं लिहितो. ठरव."

बाहेर पहिल्या वर्षाची मुलं प्रार्थनेची चाल बसवत होती. कोणीतरी पट्टीच्या वर गेलं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

"मीच हुते सर," शालन म्हणाली.

सरांनी तिच्याकडून तसं लिहून घेतलं आणि खाली सही घेतली. मग दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. दोन सह्या, एकच नाव. तिचा श टपोरा, गोल. माझा श शेपटी ओढलेला. आंधळ्यालाही बोटं फिरवून फरक कळला असता. सर चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. अण्णांच्या दंडावरच्या पट्ट्यांकडं बघितलं. आणि पंचिंग मशीन घेऊन दोन्ही कागदांना एकदम भोकं पाडून फाइलला लावले.

आईला अण्णांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. त्या दिवसापासून तिनं माझ्या डोक्याला तेल लावायचं सोडलं. जेवायला वाढायची, कपडे धुवायची, पण हात लावायची नाही. पुढच्या महिन्यात अण्णांना फीत मिळाली. मी पास झाले, जिल्हा परिषदेत लागले, आज एका शाळेची मुख्याध्यापिका आहे आणि दर वर्षी मुलांना सत्यवचनावर दोन शब्द सांगते. चांगलं बोलते, असं लोक म्हणतात.

पण गोष्ट गुरुवारी संपली नाही. रविवारी सकाळी आमच्या दारात एक म्हातारा येऊन उभा राहिला. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, पायांत जाड वहाणा, हातात बरणी. मागं पत्र्याची ट्रंक घेऊन शालन. कोणीतरी दुधाच्या गाडीवाल्याकडून निरोप धाडला होता आणि तो लेकीला न्यायला आला होता. गावाला जायच्या आधी तो हवालदाराला भेटायला आला होता.

अण्णा बनियनवर होते, घाईनं शर्ट चढवून बाहेर आले. म्हातारा एकदम वाकला आणि त्यांच्या पायांना हात लावला. अण्णा मागं सरकले, पण लाइनीतल्या खोल्या केवढ्या, मागं भिंत होती.

"सायेब, लई उपकार झालं," रामू ढेबे म्हणाला. "मास्तर म्हनलं, हवालदारांनी केस केली न्हाई, पोरीचं वय बघून सोडलं. दुसरा असता तर कोर्टात हुबं केलं असतं. आमच्या सात पिढ्यांत कुणी दारूला शिवलं न्हाई सायेब. शिकाय पाठवली आन् ह्ये निपजलं. पदरात घ्या."

त्यानं बरणी पुढं केली. तूप होतं, घरच्या म्हशीचं. अण्णा ते घेईनात. म्हातारा बरणी तशीच पुढं धरून राहिला. शेवटी अण्णांनी ती घेतली.

"लगीन लावून टाका आता," अण्णा म्हणाले. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलले, हे मला कळत होतं. पण बोलले.

"व्हय सायेब. येत्या वैशाखात उरकतोच."

मी दाराआड होते. म्हाताऱ्यानं मला बघितलं आणि विचारलं, ही तुमची का. अण्णांनी मान हलवली. त्यानं मला वरपासून खालपर्यंत मायेनं न्याहाळलं. मग तो मागं वळला आणि लेकीच्या पाठीत एक रट्टा घातला, फार जोरात नाही.

"बघ," तो म्हणाला. "बघ हिच्याकडं. बापाचं नाव राखलं पोरीनं. लेक असावी तर अशी."

शालननं ट्रंक खाली ठेवली. मान वर करून माझ्याकडं नीट बघितलं. तिनं एक शब्द बोलायचा अवकाश होता, अण्णा तूप धरून तिथंच उभे होते, त्या रविवारी तिला आमच्या घरी येताना पाहिलेली लाइनीतली बायामाणसं दारादारांत आली होती, आणि ती खोटं बोलली असं त्या वेळी कोणीही म्हणू शकलं नसतं.

"व्हय आबा," शालन म्हणाली आणि ट्रंक उचलून बापाच्या मागं चालायला लागली.